दोर कुणी धरायचा?

कचरूआबांनी छकुलीच्या पाठीवरच्या पत्र्याच्या डब्याची गाठ दोनदा ओढून पाहिली, तिला एक मोठा श्वास घ्यायला लावून तिसऱ्यांदा पाहिली, आणि मग दोर आपल्या कमरेमागून घेऊन उजवा पाय विहिरीच्या काठच्या दगडाला रोवला.

"हाण उडी."

छकुलीने नाक दाबलं, डोळे मिटले आणि उडी टाकली. दोराला हिसका बसून तो आबांच्या कमरेत करकचला, पण आबा जागचे हलले नाहीत. आधी डबा भसकन वर आला, त्याच्यामागून छकुली आली आणि चहूकडे पाणी उडवायला लागली.

"मारू नगं पाण्याला. त्यानं काय केलंय तुजं? ढकल त्याला. मागं ढकल."

"ढकलतीय की आबा."

"तोंड मिट आन् मग ढकल."

निमगाव केतकीहून इंदापूरकडे जाताना ओढ्याच्या अलीकडे जी वस्ती लागते, तिथल्या आणि आजूबाजूच्या पानमळ्यांतल्या निम्म्या लोकांना कचरूआबांनीच पोहायला शिकवलं होतं. त्यांच्या शाळेत इयत्ता दोनच. नवं पोर असलं, की दोर मास्तरांच्या कमरेमागून जायचा आणि पाय दगडाला रोवलेला असायचा, म्हणजे पोर बुडायला लागलं तरी मास्तर त्याच्यामागे ओढला जाऊ नये. पोराला पाणी कळलं, की एके दिवशी काही न बोलता आबा दोर कमरेवरून काढायचे आणि नुसता हातात धरायचे, सैल. पाण्यातून पोराला ते दिसायचं आणि ते आनंदाने ओरडायचं, "माजा दोर हातात आला!" त्या दिवशी त्याच्या घरी शिरा व्हायचा. आज ज्यांच्या मिश्या पिकल्यात ती माणसंही कुणाचा दोर आधी हातात आला यावरून चहाच्या टपरीवर हमरीतुमरीवर येतात.

छकुली अजून पहिल्या इयत्तेतच होती. तिचा बाप ज्ञानेश शेजारच्या मळ्यातला, आबांचाच जुना विद्यार्थी. आज तो लेकीचं पोहणं बघायला आला नव्हता. आबांच्या मुलाच्या, सोमनाथच्या, गाडीच्या डिकीतून निघणाऱ्या हवेच्या पिवळ्या टाक्यांवर त्याचा डोळा होता.

टाक्या आणल्या होत्या दिशाने. दिशा म्हणजे सोमनाथची मुलगी, आबांची नात. मालवणला पर्यटकांना समुद्राच्या तळाशी घेऊन जायचं आणि पाण्याखाली फोटो काढायला शिकवायचं, हे तिचं काम. समुद्र अजून गढूळ होता, हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून ती अशोक विजयादशमीला आठ दिवस घरी आली होती आणि येताना निम्मं दुकानच उचलून आणलं होतं. समुद्र इकडे आणता येत नाही तर आपली विहीर आहेच, असा तिचा हिशेब. तिने फोन केला म्हणून सोमनाथने दोन दिवस विहिरीवरची मोटार बंद ठेवली होती. पाणी असं निवळलं होतं, की बुडालेल्या पायऱ्या वरून दिसत होत्या आणि त्यांच्याखालचा दगडी कट्टाही. काल तिने सगळ्यांना निमगावच्या डॉक्टरांपुढे उभं करून छाती तपासून घेतली होती. आबांची छाती ऐकून डॉक्टर म्हणाले होते, "माझ्यापेक्षा बरी आहे."

"आज प्रत्येकानं पाण्याखाली जाऊन एक फोटो काढायचा," दिशाने जाहीर केलं. "आपल्या विहिरीतल्या कासवाचा. आणि पहिला मान आबांचा."

आबा छकुलीचा डबा सोडत होते. सुटत आलेली गाठ त्यांच्या हातून पुन्हा आवळली गेली.

आता सांगून टाकलेलं बरं. कचरूआबांना पोहता येत नव्हतं. थोडंसुद्धा नाही. गुडघाभर पाण्याच्या पुढे ते जन्मात कधी गेले नव्हते.

त्याला कारण होतं. आबा लहान असताना गावच्या विहिरीची पायरी त्यांच्या लोकांनी उतरायची नव्हती. त्यांची आई घागर घेऊन बाजूला उभी राहायची, कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं, नाही आली तर उन्हात थांबायचं. ज्या पोराने पाण्याला हात लावायचा नाही ते पोहायला शिकणार कुठे? पण बघायला कुणाची बंदी नव्हती. विहिरीच्या वरच्या अंगाला टेकाड होतं. तिथे शेळ्या राखताना कचरू तासन्‌तास गावची पोरं पोहताना बघत बसे. कोण पाय आखडतो, कोण मान उगीच ताठ धरतो, कुणाचा दम कुठे तुटतो, सगळं त्याने बघून बघून पाठ केलं. कधी घोंगडीवर पालथा पडून तो हातपाय हलवायचा आणि त्याची आई काळजीने कपाळाला हात लावून बघायची.

पुढे ते दिवस गेले. आबांनी आणि त्यांच्या बायकोने, अक्काबाईंनी, आपल्या रानात आपली विहीर खोदली. पहार आबांची, पाटी अक्काबाईंची. पाणी लागलं तेव्हा सोमनाथ लहान होता आणि पाण्याकडे असा टक लावून बघत होता, की याला धरून ठेवावा किती दिवस, असा प्रश्न पडावा. आबांनी त्याच्या कमरेला दोर बांधला, तो आपल्या कमरेमागून घेतला आणि टेकाडावर पाठ केलेलं सगळं काठावरून त्याला सांगितलं. पोरगं आठवड्यात पोहायला लागलं. मग शेजारच्या मळ्यातली पोरं आली. मग ज्या बायका कधीकाळी आबांच्या आईच्या घागरीत वरून पाणी ओतायच्या, त्यांची नातवंडं आली. आबांनी कुणालाही नको म्हटलं नाही. उलट त्यांना मनातून फार मजा वाटली, आणि ती मजा अजून संपलेली नव्हती.

पण एकदा मास्तर म्हणून नाव झालं, की विद्यार्थी व्हायची सोय राहत नाही. पोहणारं एखादं दांडगं पोर आबा कायम पाण्यात ठेवायचे, त्यामुळे त्यांच्यावर स्वतः उतरायची वेळ कधी आली नाही. कुणी म्हणालंच, 'आबा, तुमी बी उतरा की,' तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. 'मी उतरल्यावर दोर कुणी धरायचा?' या एका उत्तरावर आबांनी चाळीसहून अधिक वर्षं काढली होती.

आजही त्यांनी तेच काढलं.

"आदी सोमनाथला सोड. मी उतरल्यावर दोर कुणी..."

"दोराचं कामच न्हाय आबा," दिशा हसून म्हणाली. "मी सोताच धरणार हाय तुमाला."

अंगाभोवती टॉवेल गुंडाळून कुडकुडणारी छकुली आबांकडे बघत होती.

"आबा, मी तुमाला पवताना कवाच बघितलं न्हाय."

"अगं येडे, मास्तर हायत ते," ज्ञानेश म्हणाला. "मास्तर काय शाळंत बसून पाडं म्हनत बसत्यात व्हय?"

सगळे हसले. अक्काबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या वरच्या पायरीवर गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही.

पहिला सोमनाथ उतरला. बारामतीला शाळेत शिकवतो, तिथल्या पोहण्याच्या स्पर्धांना पंच म्हणून बसतो, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर विद्यार्थ्याचा भाव येता येत नव्हता. दिशाने त्याला टाकी बसवलेलं जाकीट चढवलं, कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधला, डोळ्यांवर काच चढवली, पायांत लांब रबरी पंजे घातले आणि दातांत नळी दिली. हातात पारदर्शक डबीत बंद केलेला कॅमेरा दिला. दोघं पाण्याखाली गेले आणि लगेचच सोमनाथ गाल फुगवून, लालबुंद होऊन वर आला.

"टाकी पाठीवर, नळी तोंडात, आणि पप्पा श्वास धरून बसलेत," दिशाने पाण्यातूनच सांगितलं. "अवो, घ्या की श्वास. त्याच्यासाठीच आणलीय ना मालवणवरनं?"

"घेतच व्हतो की."

"कुठं? एक बुडबुडा निघाला न्हाय."

सोमनाथ तरी काय करणार? तोंड पाण्यात गेलं की श्वास बंद, हे आबांनी त्याच्या अंगात इतकं मुरवलं होतं, की डोकं घे म्हणत होतं आणि छाती ऐकत नव्हती. दुसऱ्या खेपेला त्याने जमवलं. पण खाली गेल्या गेल्या त्याने आबांच्या शिकवणुकीप्रमाणे पाणी असं काही मागे ढकललं, की कट्ट्यावर इतक्या वर्षांचा बसलेला गाळ उठला. कासव दिसलं होतं, असं तो नंतर शपथेवर सांगत होता.

मग गाळ बसेपर्यंत सगळे काठावर बसले. मग ज्ञानेश. त्याला श्वास जमला, पंजे जमले, कासवही दिसलं. इतका आनंद झाला, की त्याने दिशाला अंगठा वर करून दाखवला. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर ने', हे तिने दोनदा बजावलं होतं. तिने त्याला जाकिटाला धरून तडक वर आणलं.

"आगं, झ्याक चाललंय म्हनत व्हतो मी," ज्ञानेश नळी काढून ओरडला.

"झ्याक असंल तर बोटांचा गोल करायचा. सांगितलं व्हतं काका."

"आनंदात गोल कुणाला सुचतो?"

छकुली हसून हसून पायरीवर आडवी झाली. बापाची अशी फजिती तिने पहिल्यांदाच पाहिली होती आणि तिला ती फार आवडली.

आता आबा उरले. दिशा त्यांना पाण्याशी लागलेल्या पायरीवर घेऊन बसली आणि कमरेचा पट्टा आवळू लागली. आजवर शेकडो पोरं या पायरीवरून त्यांनी पाण्यात लोटली, कुणाच्याही पोटात काय होत असेल याचा विचार केला नाही, असं त्यांच्या मनात आलं. खाली गेलो आणि हातपाय झाडले, की सगळ्यांना कळणार. ज्ञानेशला कळणार, मग टपरीला कळणार. मास्तरांनी इतकी वर्षं काठावर उभं राहून थापा मारल्या, एवढंच लोक म्हणतील. छकुली काय म्हणेल, याचा तर विचारच नको. त्यापेक्षा नातीला आताच सांगावं.

"दिशा, तुला एक सांगायचं व्हतं."

"बोला की."

"आगं, मला ते... पवायचं..."

"पवायचंच न्हाय आबा ह्यात," दिशा बकल लावता लावता म्हणाली. "तेच तर सगळ्यांचं चुकतंय. चांगले पोहणारे लई तरास देतात मला. श्वास धरतात, पाय मारतात, गाळ उडवतात. हितं काय बी करायचं न्हाय. नुसता श्वास घ्यायचा, सोडायचा आणि दगडावानी खाली जायचं. बाकी मी बघते."



"दगडावानी?"

"व्हय. जमंल?"

"दगडावानी म्हनत असशील तर जमंल," आबा म्हणाले.

"तुमी काय सांगत व्हता?"

"काय न्हाय. पट्टा घट्ट बांध म्हनत व्हतो."

पायांतले पंजे मात्र त्यांनी नाकारले. ही असली चप्पल घालून आपण आपल्या विहिरीत जाणार नाही, म्हणाले. तेवढ्यात मागे पाऊल वाजलं. अक्काबाई मांडीवरचे गवारीचे देठ झटकून खाली आल्या होत्या आणि त्यांच्या हातात दोर होता.

"ह्यो बांधून सोडा त्यास्नी."

"आजी, मी हाय की संगं. गरज न्हाय."

"मला हाय," अक्काबाई म्हणाल्या.

त्यांनी स्वतः आबांच्या जाकिटाला दोर बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि दुसरं टोक घेऊन वर गेल्या. म्हातारीचा जीव आहे, म्हणून सगळ्यांनी चालवून घेतलं.

पाणी आबांच्या छातीवरून हनुवटीवर आणि हनुवटीवरून डोळ्यांवरच्या काचेवर चढलं. आता पाणीच येणार अशा तयारीने त्यांनी श्वास ओढला. हवा आली. नेहमीची, थोडी रबराच्या वासाची हवा. त्यांनी ती सोडली तसे बुडबुडे गुडगुडत कानाजवळून वर गेले. त्यांनी पुन्हा ओढली, पुन्हा आली. पाण्यात श्वास धरायची सवयच ज्याला नाही त्याला ती मोडावी लागत नाही. आबा अगदी दिशाने सांगितलं तसे, दगडासारखे, सावकाश खाली निघाले. तिने बोटांचा गोल करून विचारलं. त्यांनी दोन्ही हातांचे दोन गोल करून दाखवले.

आणि मग त्यांना भिंत दिसली. ही भिंत त्यांनी पाणी लागल्यापासून पाहिली नव्हती. दुष्काळातही विहीर इतकी खाली कधी गेली नव्हती. मुरमाखाली लागलेल्या काळ्या कातळावर त्यांच्या पहारीच्या तिरप्या खुणा तशाच होत्या, एकाखाली एक. थोडं शेवाळ आलं होतं, एवढंच. एके ठिकाणी पहार सटकून अंगठा फुटला होता, ती खाचही त्यांनी ओळखली. आबांनी त्यावर तळवा ठेवला. जिच्या पाण्यात आपण कधी उतरलो नाही, ती ही आपली विहीर. तीही आपल्याला विसरली नव्हती. त्यांना भरून आलं आणि काचेच्या आत पाणी जमलं. काच गळते आहे असं समजून दिशा ती काळजीपूर्वक नीट करू लागली. आबांनी करू दिली.

कट्ट्यावर ते नुसते बसून राहिले. पाय मारायचे कसे हे तोंडाने त्यांनी हजारदा सांगितलं होतं, पण मारायचे कशाला, हे आता त्यांना कळेना. गाळाचा कणही उडाला नाही. जरा वेळाने कपारीतून कासव बाहेर आलं, थांबलं, हा कोण नवीन, असं बघून घेतलं आणि आणखी जवळ आलं. पाण्यातला फोटो लांबून काढायचा नाही, जवळ जायचं आणि जमलं तर खालून वर काढायचा, असं दिशाने शिकवलं होतं. इथे तर कासवच जवळ आलं होतं. आबांनी बटण दाबलं. मग 'खालून वर' हे आठवून त्यांनी मान वर केली. विहिरीचं तोंड उजेडाने भरलेलं होतं, त्यात काठावरची माणसं डुलत होती आणि त्यांच्यामधून एक दोर सरळ खाली आपल्यापर्यंत आला होता. त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

दिशाने वर चलायची खूण केली. आबांनी गोल करून दाखवला. तिने पुन्हा केली. आबांनी पुन्हा गोल दाखवला, आणि शेवटी तिला त्यांना ओढूनच वर आणावं लागलं.

"आबा, सगळ्यांची तोंडं बंद केलीत आज," ज्ञानेश म्हणाला. "म्हनून मास्तर म्हनायचं."

आबा पायरीवर बसून नुसते हसत होते. काच काढली तरी डोळ्यांभोवतीचा वळ तसाच होता आणि त्यांना तो पुसावासाही वाटत नव्हता. बोलायला गेले तर शब्द यायच्या आधीच हसू येत होतं.

जेवणं झाल्यावर पडवीत, उन्हाची तिरीप येणार नाही अशा कोपऱ्यात, दिशाने लॅपटॉप उघडला. काळ्या मसाल्याच्या मटणाने सगळे सुस्तावले होते, पण फोटो म्हणताच उठून बसले. सोमनाथचा फोटो चहासारखा तांबूस होता आणि त्यात काहीच नव्हतं. ज्ञानेशच्या फोटोत त्याचाच अंगठा आला होता, पडदाभर. मग आबांचं कासव आलं. मानेच्या सुरकुत्या, नाकाशी चिकटलेला बुडबुडा, आणि पोटभर जेवून ओटीवर टेकलेल्या माणसासारखी तृप्त नजर.

"आबा, मालवणला मानसं दोन-दोन हंगाम येतात, त्यांना असा येत न्हाय," दिशा म्हणाली. "तुमी एकदा बी पाय मारला न्हाय. कसं जमलं तुमाला?"

"जमलं आसंच," आबा म्हणाले.

"आता ह्यो बघा."

दुसरा फोटो उघडला. विहिरीचं गोल तोंड, त्यात निळं आभाळ, एका बाजूला छकुलीचं ओणवं डोकं आणि बरोबर मधोमध पायरीवर अक्काबाई.

"आजी, किती भारी आलीयस तू," दिशा म्हणाली.

"व्हय, लुगडं काय उठून दिसतंय," ज्ञानेश म्हणाला.

आबा चष्मा चढवून पुढे सरकले. त्यांनी आधी लुगडं पाहिलं, मग चेहरा पाहिला, मग दोर पाहिला आणि तिथेच थांबले. दोर अक्काबाईंच्या हातात नव्हता. तो त्यांच्या कमरेमागून गेला होता. त्या मागे रेललेल्या होत्या आणि त्यांचा उजवा पाय काठच्या दगडाला रोवलेला होता.

ही पहिली इयत्ता होती. ज्याला पोहता येत नाही त्याचा दोर असा धरतात. फोटोत इतरांना लुगडं दिसत होतं, आणि हे दिसायला जो मास्तर लागतो तो पडवीत एकच होता.

आबांनी दाराकडे पाहिलं. अक्काबाई सगळ्यांना बडीशेप देत होत्या. त्यांनी आबांच्या तळव्यावर चिमूटभर ठेवली आणि पुढे गेल्या.

उन्हं कलल्यावर ज्ञानेश छकुलीला घेऊन गेला, सोमनाथ आणि दिशा इंदापूरला बाजाराला गेले. आबा विहिरीवर आले. पाणी पुन्हा निवळलं होतं. काठावर छकुलीचा डबा वाळत पडला होता. त्यांनी तो उचलला, उलटा केला, सुलटा केला. मागून अक्काबाई आल्या आणि दोराचं वेटोळं सोडवू लागल्या.

"कवापासनं?" आबांनी विचारलं.

अक्काबाईंनी काय ते विचारलं नाही.

"मला शिकवत व्हता तवापासनं," त्या म्हणाल्या. "पाण्यात दुसरं कुणी नव्हतं, डबा सुटला आन् मी खाली गेले. दुसरा कुणी आसता तर उडी टाकली आसती. तुमी न्हाय टाकली. दोरच वडत ऱ्हायला. तळव्याची सालं निघाली, पर सोडला न्हाय. मी वर आले आन् तुमचं तोंड बघितलं. तवाच कळलं."

"बोलली न्हाईस कदी."

"बोलायचं काय त्यात? दोर तर धरला व्हता की तुमी."

आबांनी सदरा काढून तो नीट घडी करून दगडावर ठेवला, डबा पाठीवर घेतला आणि अक्काबाईंकडे पाठ केली. अक्काबाईंनी गाठ बांधली. दोनदा ओढून पाहिली, त्यांना एक मोठा श्वास घ्यायला लावून तिसऱ्यांदा पाहिली.

"ह्या वयात बरं दिसंल का गं?" आबा म्हणाले. "आन् मी उतरल्यावर दोर कुणी..."

तोवर अक्काबाईंनी दोर कमरेमागून घेतला होता. त्यांनी उजवा पाय दगडाला रोवला.

"हाण उडी," त्या म्हणाल्या.

आबांनी नाक दाबलं.